ओंडक्यावरची चांदणी

बीड जिल्ह्यात वैशाखातल्या एखाद्या दुपारी कुठल्याही गावाच्या पारावर जा. जवळपास बाभळीचा नाहीतर लिंबाचा एखादा ओंडका पडलेला असतो. कधीतरी सुताराकडे न्यायचा म्हणून आणलेला, आणि आता बसायच्या कामाचा झालेला. त्याच्या कापलेल्या तोंडाकडे वाकून बघा. मधल्या भेंडापासून सालीकडे धावणाऱ्या चार-सहा भेगा दिसतील. एखादी बोट जाईल एवढी रुंद, बाकीच्या बारीक. कुणी मुद्दाम चांदणी कोरून ठेवावी तशा.

मग नजर उचलून शिवाराकडे टाका. काळ्या रानातही भेगाच भेगा. ऊन तेच, वारा तोच, आणि कारणही वरवर एकच: पाणी गेलं, अंग आकसलं, फट पडली. पण दोन्हींची नक्षी अगदी वेगळी आहे. काळ्या रानाच्या भेगा पाच-सहा कोनांची घरं करत जाळ्यासारख्या पसरतात. लाकडाची भेग मात्र मधून बाहेर निघते आणि धाग्याच्या वाटेनंच चालते. धागा आडवा तोडून ती कधी जात नाही. काळी माती चहूकडे सारखीच आकसते. लाकूड तिन्ही दिशांना वेगवेगळं आकसतं. ओंडक्यावरची चांदणी उमटते ती यामुळेच, आणि हे का होतं ते कळलं की भेग कुठं पडू द्यायची हेही थोडंफार आपल्या हाती येतं.

सुरुवात पाण्यापासून करू. झाड म्हणजे उभ्या बारीक नळ्यांची मोळी. तोडल्या तोडल्या तिच्यात पाणी दोन जागी असतं. एक, नळ्यांच्या पोकळीत मोकळं भरलेलं. दुसरं, नळ्यांच्या भिंतींत मुरलेलं. लाकडातला ओलावा मोजायची रीतही समजून घेऊ, कारण पुढचे आकडे तिच्यावरच बेतलेले आहेत. पाण्याचं वजन पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाशी ताडून पाहतात. ताजा तुकडा १ किलोचा असेल आणि भट्टीत पार सुकवल्यावर ६०० ग्रॅम भरला, तर ४०० ग्रॅम पाणी गेलं; म्हणजे ओलावा ६७ टक्के. या रीतीनं काही झाडांच्या ओल्या लाकडाचा ओलावा शंभर टक्क्यांच्या वरही जातो.

सुकताना पोकळीतलं मोकळं पाणी आधी जातं. या काळात ओंडका हलका होतो, पण बारीक होत नाही. बैलगाडीतून उतरवताना चौघांना जड गेलेला ओंडका काही महिन्यांनी हलका लागतो, तरी त्याचा घेर जवळपास तेवढाच असतो. ओलावा २८ ते ३० टक्क्यांवर उतरला की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भिंती अजून भरलेल्या. इथून पुढे जे पाणी जातं ते भिंतींतलं, आणि आकसणं खरं तर इथंच सुरू होतं. लाकूडशास्त्रात या टप्प्याला मोठं महत्त्व आहे. त्याच्या वर लाकूड कितीही ओलं असो, त्याच्या मापात फरक पडत नाही. त्याच्या खाली प्रत्येक टक्का मापात दिसतो.

भिंतीतलं पाणी गेल्यावर नळी जाडीला बारीक होते, पण लांबीला का होत नाही? आपल्या भागात याचा उत्तम नमुना कडब्याची पेंढी आहे. पेंढी पावसात भिजली की फुगते, आळा ताणला जातो. वाळली की आळा ढिला होतो. पण ताटांची लांबी दोन्ही वेळा तीच. नळीची भिंत अशाच अतिसूक्ष्म तंतूंची बनलेली असते, आणि हे तंतू बहुतेक उभे, थोडासा पीळ घेऊन बसलेले असतात. पाणी त्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना बाजूला सारतं. पाणी गेलं की ते एकमेकांजवळ येतात. तंतू स्वतः आखूड होत नाहीत. म्हणून ओल्या सागाचं लाकूड पार कोरडं झालं तरी लांबीत ०.१ ते ०.३ टक्के इतकंच घटतं. दहा फुटी वाशाला त्यानं काही फरक पडत नाही.

जाडीत मात्र पडतो, आणि तोही दोन तऱ्हांनी. भेंडापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं, म्हणजे त्रिज्येच्या दिशेनं, साग सुमारे २.५ टक्के आकसतो. वलयाच्या अंगानं, म्हणजे घेराच्या दिशेनं, सुमारे ५.८ टक्के. दुपटीहून जास्त. बहुतेक झाडांत थोड्याफार फरकानं हेच प्रमाण आहे. मुख्य कारणं दोन. झाडात भेंडाकडून सालीकडे जाणारे आडवे पेशींचे पट्टे असतात, त्यांना किरण म्हणतात. वाशांनी जसं छप्पर धरून ठेवावं तसे ते त्रिज्येच्या दिशेनं लाकडाला आकसू देत नाहीत. दुसरं, हंगामाच्या शेवटी तयार झालेला दाट थर जास्त आकसतो. तो घेराभोवती गुंडाळलेला असल्यानं घेराच्या दिशेनं शेजारच्या पोचट थरालाही आपल्याबरोबर ओढत नेतो. सागाच्या तोंडावर हे थर स्पष्ट मोजता येतात. बाभळीत वलयं तेवढी ठळक नसतात, पण किरण आणि थर तिथंही आपलं काम करतातच.

आता हे गणित एका ओंडक्यावर करून पाहू. सागाचा ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल काप घ्या. त्याचा घेर ९४ सेंटिमीटर. पार सुकल्यावर त्रिज्या अडीच टक्के कमी झाली, म्हणजे त्या त्रिज्येला शोभेल असा घेर सुमारे ९२ सेंटिमीटर हवा. पण घेराच्या दिशेनं लाकूड ५.८ टक्के आकसलंय, म्हणजे घेराला पुरेल असं लाकूड ८९ सेंटिमीटरही उरलेलं नाही. तीन सेंटिमीटरांहून जास्त तूट पडली. ही तूट कुठून भरायची? धाग्याला आडवं ताणलं तर लाकूड अगदी थोडं ताणतं आणि मग सुटतं. तेव्हा भेग पडणं अटळ आहे. सगळी तूट एकाच भेगेत आली तर भाकरीचा निमुळता चतकोर काढल्यासारखी पाचर उघडते, सुमारे १२ अंशांची. चार-सहा भेगांत वाटली गेली की चांदणी होते.

हे गणित मला फार महत्त्वाचं वाटतं. ओंडका उकलला की आपण झाडाला दोष देतो, तोडणाऱ्याला देतो, मुहूर्ताला देतो. पण भेंड मधे ठेवून अखंड गोल ओंडका सुकवला तर तो फाटणारच. कितीही जपा. ते त्याच्या भूमितीतच आहे. फाटू नये असं वाटत असेल तर ओलेपणीच त्याला भेंडातून उभा चिरून दोन फाका करायला हव्यात. मग प्रत्येक फाक आपापली आकसते. तिचा सपाट चेहरा थोडा फुगीर होतो, पण ताण साठत नाही. ही चिराई ओल्या लाकडाची आणि ताबडतोब करायची, हे बांधावरचं झाड विकणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही.

पखवाजाचं खोड याच भूमितीवर तगून आहे. नारायणगड, भगवानगड अशा गडांच्या आणि दिंड्यांच्या या मुलखात पखवाज घरोघरी ओळखीचा. शिसवीचं किंवा खैराचं खोड आतून पोखरून तो करतात. पोखरताना भेंड निघून जातं आणि उरतो तो पातळ भिंतीचा नळा. नळ्याला आतून अडवणारं कुणी नसतं, त्यामुळे तो आकसताना सगळाच किंचित लहान होतो आणि फाटत नाही. लाकडी उखळ, गाडीच्या चाकाचा तुंबा, तिफणीचं चाडं, या सगळ्यांना मधली पोकळी याही कामी येते.

आतापर्यंत आपण धरून चाललो की ओंडका सगळीकडे एकाच वेळी सुकतो. प्रत्यक्षात तसं कधीच होत नाही, आणि भेगांचा अर्धा त्रास इथून येतो. नळ्या उभ्या असल्यामुळे त्यांची तोंडं कापलेल्या बाजूला उघडी असतात. तिथून पाणी बाजूच्या मानानं १० ते १५ पट वेगानं निघून जातं. बीडच्या उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता २० ते २५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि पारा चाळिशीच्या वर असतो. अशा हवेत कापलेल्या तोंडाचा वरचा पापुद्रा पहिल्याच दिवशी त्या २८ टक्क्यांच्या खाली जातो. तो आकसायला बघतो. आतलं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही. पापुद्रा ताणला जातो आणि चिरतो. ही चीर आधी नखाएवढी असते, मग रोज थोडी आत सरकत राहते.

वाळवणं घालणाऱ्या बायकांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. उडदाचा पापड लाटला की तो आधी सावलीत, मग उन्हात. थेट कडक उन्हात टाकला तर कड आधी वाळते, मधला भाग ओला राहतो, पापड वाकडा होतो, चिरतो. लाकडाची गोष्ट तीच आहे, फक्त दिवसांच्या जागी महिने येतात. डेहराडूनची १९०६ साली स्थापन झालेली वन संशोधन संस्था या कामाचाही अभ्यास करते. लाकूड सुकवण्याच्या भट्टीत सुरुवातीला चक्क वाफ सोडतात. सुकवायचं तर वाफ कशाला, असा प्रश्न पडतो. पण त्या दमट उष्णतेत बाहेरचा थर आतल्या ओल्या लाकडाला मागे टाकून पुढे पळत नाही. आत-बाहेर ओलावा बरोबरीनं उतरला की मग हवा हळूहळू कोरडी करत नेतात.

घाई झालेलं लाकूड आणखी एक धोका पोटात ठेवतं. आधी बाहेरचा थर ताणात होता. त्या ताणातच तो सुकून घट्ट झाला, पुरेसा आकसलाच नाही. महिन्यांनी आतला भाग सुकायला लागला की तो आकसतो आणि बाहेरच्याला आत ओढतो. आता ताण उलटा झाला: बाहेर दाब, आत ओढ. वरच्या बारीक भेगा मिटतात, फळी दिसायला साफ होते, पण भेग गेलेली नसते, फक्त मिटलेली असते. अशी फळी उभी चिरायला घेतली की करवत मधेच चिमटते आणि दोन्ही फाळके वाकडे सुटतात. लाकूड घेताना फळीच्या दोन्ही तोंडांवर पाणी फिरवून बघावं. मिटलेली चीर ओलाव्यानं काळी रेघ होऊन दिसते.

हा सगळा जाच ज्या वस्तूनं पिढ्यान् पिढ्या सोसला, ती म्हणजे बैलगाडीचं लाकडी चाक. आज ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या गाड्यांना टायर आहेत. पण ज्यांनी धावेचं चाक पाहिलंय त्यांना वैशाखातला त्याचा आवाज आठवेल. चाकाच्या कडेला बाभळीचे वाकडे तुकडे, त्यांत आरे, मधे तुंबा, आणि सगळ्याला बाहेरून आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव जाळात लाल करून चाकावर चढवत आणि वरून पाणी ओतत. गार होताना ती आकसायची आणि चाक करकचून आवळायची.

उन्हाळ्यात तीच धाव ढिली पडते. का, ते मोजता येतं. आऱ्यांचा धागा लांबीत असतो, म्हणून आरे आखूड होत नाहीत. पण कडेच्या तुकड्यांची जाडी धाग्याला आडवी असते. ती १० सेंटिमीटर धरली आणि पावसाळ्यापासून वैशाखापर्यंत ती पावणेदोन-दोन टक्क्यांनी आकसली, तर प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. म्हणजे व्यासात साडेतीन-चार मिलिमीटर, आणि घेरात एक सेंटिमीटरहून जास्त. लोखंड मात्र जागचं हललेलं नसतं. मग चाक ओढ्याच्या डोहात रात्रभर बुडवून ठेवायचं. सकाळी ते फुगून पुन्हा घट्ट.

हा उपाय जुना आहे, पण त्याला एक किंमत आहे. फुगणाऱ्या लाकडाला लोखंड बाहेर सरकू देत नाही, म्हणून त्याचे तंतू आतल्या आत चेपले जातात. पुन्हा वाळलं की ते आधीच्यापेक्षाही बारीक होतं. दर उन्हाळ्यात भिजवलेलं चाक दर उन्हाळ्यात जास्त ढिलं होतं, आणि शेवटी धाव कापून आखूड करावी लागते. कुऱ्हाडीचंही तेच. दांडा हलायला लागला की पाण्याच्या बादलीत उभी करायची सवय घराघरात आहे. चार दिवस काम भागतं, पण महिन्याभरात दांडा पहिल्याहून सैल झालेला असतो. पाण्यापेक्षा पाचर ठोकणं केव्हाही बरं. दांड्याला धावडा वापरायची आपली रीत मात्र पक्की आहे. बालाघाटाच्या डोंगरउतारांवरचं हे चिवट लाकूड. गाडीच्या आसाला चालतं म्हणून इंग्रजांनी त्याचं नावच ॲक्सलवुड ठेवलं. सुकताना ते अवघड जातं, म्हणून सावकाश सुकवावं लागतं.

सुकलेलं लाकूड कायमचं शांत होतं, असंही नाही. ते आयुष्यभर हवेशी देवाणघेवाण करत राहतं. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकडाचा ओलावा ४ ते ५ टक्क्यांकडे जायला बघतो. श्रावणात आर्द्रता ८० टक्के झाली की १५-१६ टक्क्यांकडे. बीडमध्ये वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. म्हणून हा झोका इथं मोठा आहे. सागाची ३० सेंटिमीटर रुंदीची, वलयं आडवी असलेली फळी या पूर्ण झोक्यात सहा मिलिमीटर फुगते-आकसते. जाड लाकडाला हवेच्या मागे पूर्ण जायला वेळ मिळत नाही, तिथं फरक निम्मा धरा. तरी तो दारात दिसतोच. दसऱ्यानंतर कुलूप लावून उसाच्या फडावर गेलेलं कुटुंब पाडव्याच्या पुढेमागे परत येतं, तेव्हा जाताना घट्ट बसलेल्या दाराच्या फळ्यांमधून आतला अंधार दिसतो. आषाढात तेच दार चौकटीत अडकतं. तेव्हा सुताराला बोलावून ते तासून घेऊ नये. पुढच्या चैत्रात तिथं बोटभर फट पडेल.

फर्निचर घेतानाही हे ध्यानात ठेवावं. कोकणच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत तयार झालेलं कपाट तिथल्या ओलाव्यानं शांत बसलेलं असतं. बीडच्या पहिल्या उन्हाळ्यात ते आणखी काही टक्के सुकतं, आणि खिळ्यांनी दोन्ही कडांना जखडलेली फळी मधोमध तडकते. चौकटीच्या खाचेत सैल सरकवलेली फळी तडकत नाही. तिला हलायला जागा असते. जुन्या वाड्यांच्या दारांत चौकट आणि फळी वेगळी ठेवायची पद्धत याच अनुभवातून आली असणार. जपानी सुतारांनी खांबासाठी आणखी एक युक्ती काढली. भेंडासकट खांब ठेवायचा असेल तर भिंतीकडे जाणाऱ्या बाजूला ते आधीच भेंडापर्यंत एक उभा करवतीचा काप देतात. त्याला सेवारी म्हणतात. खांब सुकताना सगळी तूट त्या कापात उघडते आणि दर्शनी तीन बाजू साफ राहतात. भेग टळत नाही, पण कुठं पडायची ते माणूस ठरवतो.

आपल्या खांबांवर तिरकी, पीळ घेत वर चढणारी भेग दिसली तर घाबरू नका. काही झाडांचा धागाच खोडाभोवती वळत जातो. सालीखाली तो दिसत नाही, सुकल्यावर भेग तो उघड करते. पण तुळईवर अशी तिरकी भेग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली असेल तर जाणकाराला दाखवा, कारण भार तिथं धाग्याला आडवा पडतो. तुळईच्या बाजूला लांबीनं सरळ जाणारी, फार खोल नसलेली भेग बहुतेक वेळा सुकण्याची असते आणि तशी निरुपद्रवी.

बाभूळ पाण्यात मुरवायची पद्धत तुमच्याकडे अजून असेल तर ती टिकवा. तोडल्यावर सुतार मिळेपर्यंत ओंडका डोहात किंवा विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवला की दोन गोष्टी साधतात. पाण्यात असेपर्यंत तो तडकत नाही, आणि लाकडातली साखर-पिठूळ द्रव्यं निघून गेल्यानं भुंगा कमी लागतो. बाहेर काढल्यावर मात्र सुकवणं नव्यानं सुरू होतं, आणि सगळी काळजीही.

यंदा बांधावरची बाभूळ किंवा अंगणातला लिंब तोडणार असाल तर माझं एवढं ऐका. झाड पडलं त्याच दिवशी, करवत घरी नेण्याआधी, ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना जाड डांबर, उरलेला तेलरंग किंवा मेण लावा. काहीच नसेल तर शेण-मातीचा लेप द्या आणि वाळला की पुन्हा द्या. मोठा ओंडका भेंडातून उभा चिरून घ्या. फळ्या जमिनीपासून वीतभर उंच, मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून रचा. वर छप्पर हवं, बाजूंनी वारा हवा, आणि पश्चिमेच्या उन्हाला आडोसा हवा. पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत येऊ द्या, नाहीतर फळ्या मधे झुकतील. लेप दुसऱ्या दिवशी लावू म्हणून ठेवू नका. वैशाखात दुसऱ्या दिवशी पहिल्या चिरा पडलेल्या असतात.